एकाच केबिनमध्ये घरचे दोघं
लोक म्हणतात की घरच्या दोघांनी एकाच ट्रकवर ड्रायव्हर म्हणून काम केलं की भांडणं ठरलेलीच. होतात ना, पण खरा प्रश्न झोपेचा आहे, एकजण चालवतोय आणि दुसरा मागच्या बर्थवर, म्हणजे गाडी पळत असताना झोप लागायला हवी आणि ती लागते चालवणाऱ्याच्या ब्रेकवर भरवसा असेल तरच. अमेरिकेत सलग १० तास सुट्टी झाल्यावर एका ड्रायव्हरला जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, म्हणून जोडी असली की गाडी जवळपास थांबतच नाही. पैसा एकाच घरात येतो हे झकास, पण काम सुटलं तर दोघांचंही एकदम सुटतं, हे कोणी बोलतच नाही. आणि हो, बापाने लेकाला शिकवायला घेतलं तर आधी ट्रेलर रिव्हर्स घ्यायला शिकवा, रात्रीचं ड्रायव्हिंग नंतर.