४के मॉनिटर आणला, पण माउसचा बाण अडखळतोय

कंपोझर गिरगाव:
दिवाळी अंकांची पानं रोज येऊन पडायला लागली आहेत, त्यामुळे जरा घाईत आहे. तरी सगळं एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे उलटे प्रश्न कमी येतील.

मी फणसवाडीत राहते, घरूनच डीटीपी करते. पानं लावणं आणि प्रूफ वाचणं, दोन्ही. लॅपटॉप २०१९चा आहे, आय-फाइव्ह आठवी जनरेशन, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०, पडदा १५.६ इंची फुल एचडी. चाळिशीचा चष्मा लागल्यापासून बारीक टायपातलं 'रु' आणि 'रू' वेगळं ओळखायला पान झूम करावं लागतं, आणि झूम केलं की पानाची मांडणी दिसत नाही. दिवसभर आतबाहेर, आतबाहेर. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून २७ इंची ४के मॉनिटर आणला. खोका टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवा बसला, मी पुढे. टेबल पावणेदोन फूट खोल आहे, मॉनिटर जेमतेम मावला.

आता तक्रार. एचडीएमआयने जोडला की चित्र येतं, अक्षर सुरेख दिसतं, पण माउसचा बाण सरकताना तुटक तुटक उड्या मारतो. पान वरखाली केलं की डोळ्यांना त्रास होतो. सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १९२० × १०८० केलं तर बाण एकदम गुळगुळीत चालतो, पण अक्षर इतकं फुसफुशीत होतं की माझा लॅपटॉपच बरा. शिवाय आमचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मॉनिटरवर ओढून नेलं की धुरकट दिसतं; इतर सगळं स्वच्छ, फक्त तेवढंच.

दुकानदार म्हणतो, ताई, लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. अंकांचे पैसे दिवाळीनंतर येतात हे त्याला कोण सांगणार. केबल बदलून काही होईल का? लॅपटॉपला एक टाइप-सी पोर्टपण आहे. त्यात मी एक हब लावते, पेन ड्राइव्ह आणि नेटच्या वायरीसाठी. त्या हबला एचडीएमआयचं भोक आहे, पण त्यातूनही हेच रडगाणं.

आठवा मजला:
केबल बदला. भारीतली एचडीएमआय २.१ वाली घ्या, होऊन जाईल.

वायरमन:
केबल बदलून होणार नाही, पैसे वाया घालवू नका.

आधी एक बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे हा मॉनिटर निवडला की रिफ्रेश रेट दिसेल. माझी पैज, ३० हर्ट्झ असणार. म्हणजे चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं. सिनेमा बघायला ते पुरतं, पण बाण हलवायला आणि पान सरकवायला अजिबात नाही. तुम्हाला ६० पाहिजे.

आता ३०च का? तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एचडीएमआय १.४ बोलतं. १.४ची एकूण क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट. ४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या बरोबर चौपट. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर नुसत्या रंगांच्या माहितीलाच जवळपास १२ गिगाबिट लागतात, वरचा खर्च वेगळा. मावतच नाही, म्हणून लॅपटॉप ३०वर येऊन थांबतो. एचडीएमआय २.०मध्ये ही क्षमता १८ झाली, पण ते मानक २०१३मध्ये येऊनही त्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांत कंपन्यांनी त्यासाठी लागणारी जादा चिप बसवली नाही. २.१ची केबल लावून पोर्ट २.१ होत नाही. आठव्या मजल्याने रागावू नये.

पण त्याच प्रोसेसरमध्ये डिस्प्लेपोर्ट १.२ही आहे, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवायची एचडीएमआयसारखीच दुसरी वाट, आणि त्याला ४के ६० हर्ट्झवर चालवणं जमतं. प्रश्न एवढाच की तो सिग्नल तुमच्या टाइप-सीपर्यंत आणून सोडलाय का. सगळ्या टाइप-सीतून चित्र येत नाही. काही नुसत्या डेटाच्या असतात. तुमच्या हबच्या एचडीएमआयमधून चित्र येतंय म्हणता, म्हणजे बहुतेक आणलाय. बहुतेक म्हणण्याचं कारण, काही हबमध्ये स्वतःची वेगळी चिप असते आणि ती ड्रायव्हर टाकून डेटामधूनच चित्र काढते. हब लावताना ड्रायव्हर टाकावा लागला नसेल तर निर्धास्त राहा. पोर्टच्या शेजारी डीपीचं (डिस्प्लेपोर्टचं) किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का तेही बघा. चिन्ह नसलं तरी घाबरू नका, मॉडेलच्या माहितीपानावर 'डिस्प्लेपोर्ट' शब्द शोधा.

मग हबमधून ३०च का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबला यूएसबी ३ची भोकं असली की दोन जोड्या डेटाला जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या दोन जोड्यांत ४के फक्त ३०वर बसतं. हब खराब नाही, वाटणीच तशी आहे. नव्या लॅपटॉपात डिस्प्लेपोर्ट १.४ असतो, तिथे दोन जोड्यांतही ६० कसंबसं बसतं. म्हणून एकाच हबबद्दल एक जण छान म्हणतो आणि दुसरा शिव्या घालतो.

तेव्हा हब बाजूला ठेवा आणि टाइप-सी टू डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या. चारही जोड्या चित्राला मिळतात. टाइप-सीचं टोक लॅपटॉपात, डिस्प्लेपोर्टचं मॉनिटरमध्ये. दुकानात दिशा स्पष्ट सांगा, कारण यातल्या बऱ्याच केबल एकाच बाजूने चालतात. दोन मीटरच्या आतली बघा. आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन निवडायची सोय असेल तर तिथे १.१ निवडलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या. पेन ड्राइव्ह जुन्या चौकोनी यूएसबीत लावा.

स्लो लोकल:
वायरमनशी सहमत, पण मूळ मुद्दा वेगळा आहे. २७ इंचाला ४के हवंच कशाला? मी डोंबिवलीत घरून कोडिंग करतो, २७ इंचीच, पण २५६० × १४४०. एचडीएमआय १.४वर ६० हर्ट्झ आरामात चालतं, स्केलिंगची, म्हणजे अक्षरं-चिन्हं टक्क्यांनी मोठी करून दाखवायची भानगड नाही, जुनी सॉफ्टवेअरं धुरकट होत नाहीत. पैसे उरले त्यात खुर्ची आली. दुकानदार बदलून देत असेल तर विचार करा.

कंपोझर गिरगाव:
स्लो लोकल, तुमचं म्हणणं कोडला पटतं. इंग्रजी अक्षर एका ओळीत सरळ बसतं. देवनागरीला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षर. त्याच दहा पॉइंटात (पॉइंट म्हणजे टायपाचं माप, इंचाला ७२) एवढा संसार. 'शुद्ध' आणि 'शुध्द' यांतला फरक पडद्यावर पकडायचा तर द-धच्या गाठीला पुरेसे ठिपके मिळायला नकोत?

मी हिशेब मांडून बघितला. पान खऱ्या मापात दाखवलं तर २७ इंची ४केवर इंचाला १६३ ठिपके पडतात, म्हणजे दहा पॉइंटच्या अक्षराला उभे साधारण २३. तुमच्या १४४०वर इंचाला १०९, अक्षराला १५. त्याच मापाच्या फुल एचडी मॉनिटरवर ८२, म्हणजे ११. माझ्या लॅपटॉपवरच १४१ आहेत! म्हणून १०८० केल्यावर मला लॅपटॉप बरा वाटला होता. पंधरा ठिपक्यांत मराठी वाचता येतं, नाही कोण म्हणतं. पण वाचणं वेगळं आणि प्रूफ वाचणं वेगळं.

दुसरं म्हणजे जागा. या मॉनिटरचा पडदा जवळपास ६० सेंटीमीटर रुंद आणि साडेतेहतीस उंच आहे. ए-फोरची दोन पानं शेजारी शेजारी, खऱ्या मापात, पूर्ण मावतात आणि वर मेनूलाही जागा उरते. डावं-उजवं पान एकत्र बघायला मी इतकी वर्षं प्रिंट काढत होते.

वायरमनभाऊ, तुम्ही सांगितलं तसं पाहिलं. ३०च आहे. हबला ड्रायव्हर वगैरे काही टाकला नव्हता. उद्या ग्रँट रोडला जाते.

आठवा मजला:
रागावलो नाही. माझ्याकडे २.१ची केबल पडून आहे, कुणाला हवी असेल तर सांगा.

मॅकवाला पार्लेकर:
मॅकवर स्केलिंगची ही कटकट नाही, एवढंच नोंदवतो. मात्र '२५६० × १४४० सारखं' निवडलं की मॅक आतल्या आत ५१२० × २८८०चं चित्र काढून मग ते ४केवर आवळतो. अक्षर छान दिसतं. साध्या एम-वन चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा मॉनिटर एकच जोडता येतो, हे मात्र घेण्याआधी ध्यानात ठेवा.

कंपोझर गिरगाव:
केबल आणली, लावली, रिफ्रेश रेटच्या यादीत ६० आलं. बाण लोण्यासारखा चालतोय. दुकानात मुलगा आधी टाइप-सी टू एचडीएमआय काढून देत होता, 'एकच आहे मॅडम' म्हणत. मी हटले नाही.

आता उरलं ते जुनं सॉफ्टवेअर. मॉनिटरचं स्केलिंग १५० टक्के ठेवलंय, लॅपटॉपचं १२५. ते सॉफ्टवेअर मॉनिटरवर अजून धुरकटच आहे. ते सोडता येत नाही; दोन संपादक त्याच्याच जुन्या फॉन्टातल्या फाइली पाठवतात, युनिकोडचं नाव काढलं की फोनच ठेवतात.

वायरमन:
त्या सॉफ्टवेअरला दोन पडद्यांची दोन स्केलिंगं कळत नाहीत. ते लॉगिन करताना मुख्य पडदा कोणता होता तेवढंच धरून चालतं. दुसऱ्या पडद्यावर नेलं की विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवते, त्यामुळे धुरकट. म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरला मुख्य पडदा करा आणि साइन आउट करून परत आत या. नुसतं सेटिंग बदलून उपयोग नाही, साइन आउट हवंच. बऱ्याच सॉफ्टवेअरांचं तेवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे ओव्हरराइडवर टिक करून 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' निवडा. अक्षर स्वच्छ होईल, बटणं थोडी वेडीवाकडी दिसू शकतात. तिथेच 'ॲप्लिकेशन'ही आहे, पण त्याने मेनू मुंगीएवढा होईल. तुमच्या चष्म्याला नको.

कंपोझर गिरगाव:
साइन आउटने अर्धं काम झालं, एन्हान्स्डने उरलेलं. सेव्हचं बटण थोडं कापलं जातंय, पण मी कंट्रोल-एसवाली, मला फरक पडत नाही. शिरोरेघ आता काळी आणि सरळ दिसतेय. आभार, खरंच.

मधली वेलांटी:
उशिरा विचारते. मीही प्रूफं बघते, घरात ४३ इंची ४के टीव्ही आहे, तोच लॅपटॉपला लावला तर चालेल ना? वेगळा खर्च कशाला?

कंपोझर गिरगाव:
ताई, ठिपके तेवढेच, पडदा मोठा. ४३ इंचाला इंचामागे १०२ पडतात, म्हणजे दहा पॉइंटला १४. लांबून बघायला बरं, माझ्यासारखं दीड फुटावर बसून नाही. मान पण दुखेल. तरी करून बघणार असाल तर टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआयला पीसी मोड देता येतो का ते पाहा. नाहीतर बरेच टीव्ही रंगाची माहिती छाटून दाखवतात. काळं अक्षर ठीक दिसतं आणि लाल-निळ्याची कड विस्कटते. तुम्ही दुरुस्त्या लालमध्ये करत असाल, तर पांढऱ्यावर बारीक लाल टायपात एक ओळ लिहा, अनुस्वारांसकट, आणि तीच आधी वाचून बघा.