आयरिश म्हणींना मराठी-कन्नड जोड: भाषांतर तपासून द्याल काय?

फलकवाला_खानापूर
शाळेच्या फलकावर रोज एक आयरिश म्हण, खाली मराठी नि कन्नड जोड, असं ठरलंय. इंग्रजी याद्यांतून तीन काढल्यात: ‘लांबचे डोंगर हिरवे’, ‘भूक हा चांगला सॉस’, ‘रस्ता तुमच्या भेटीला वर येवो’. मूळ शब्द देवनागरीत कसे लिहायचे?

दुभाषी_टिळकवाडी
तिसरी आधी पुसा. ती म्हण नव्हेच, निरोपाचा आशीर्वाद आहे, आणि भाषांतरही फसलंय. मूळ ‘गो नाइरी अन बोहर ल्यात’. त्यातल्या क्रियापदाचा अर्थ ‘उठणं, वर येणं’. पण पुढे ‘ल्ये’ हे अव्यय जोडलं की तो होतो ‘साधणं, यश येणं’. म्हणजे ‘प्रवास सुखाचा होवो’, एवढंच. ‘डोळा लागला’चं कुणी ‘डोळ्याला मार बसला’ करावं, तसं झालंय बघा.

डोंगराची जोड आयती आहे. आपलं ‘दुरून डोंगर साजरे’, कन्नड ‘दूरद बेट्ट नुण्णगे’. आयरिशला तो हिरवा, आपल्याला साजरा, कन्नडला गुळगुळीत. त्यांचा ‘ग्लस’ हा गवता-पानाचा हिरवा. रंगवलेल्या दाराच्या हिरव्याला शब्द वेगळा.

‘सॉस’ मात्र नको. मूळ ‘अनलन’ म्हणजे भाकरीसोबतचं तोंडीलावणं, आपलं कोरड्यास. ‘भूक हेच चांगलं कोरड्यास’ लिहा. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ जोडाल तर पहिला अर्धाच जुळतो. आयरिश म्हणीत झोप नाही.

जुनाशब्द
वरचं बरोबर. तिसरीच्या जागी ही घ्या: ‘इस फ्यार अन त्लांच ना न तांच’. तब्येत गुरांच्या कळपांपेक्षा बरी. ‘तांच’ म्हणजे कळप, त्यावरून संपत्ती. तिथं पूर्वी श्रीमंती गाईंवर मोजत. (कन्नडात गुराला ‘दन’ म्हणतात, ते आठवा.) जोड तयारच: ‘आरोग्य हीच धनसंपदा’ आणि ‘आरोग्यवे भाग्य’. ‘त्लांच–तांच’ हे यमक आहे, म्हणून मूळ ओळ गाळू नका.

अक्षरं बघून उच्चार लिहू नका. म्हणीला त्यांच्यात ‘जुना शब्द’ म्हणतात. रोमन लिपीत बघाल तर ‘सेनफोकल’ वाटेल, पण ‘फ’नंतर ‘ह’ आला की दोन्ही मुके, म्हणून ‘शॅनॉकल’. ‘ब’ किंवा ‘म’नंतर ‘ह’ आला की साधारण ‘व’.

फलकवाला_खानापूर
तिसरी पुसली. खात्रीच्या म्हणी आणखी कुठं मिळतील?

जुनाशब्द
1937 ते 1939 मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून म्हणी, तोडगे, गोष्टी वह्यांत उतरवून घेतल्या. ‘दूखस’ या संकेतस्थळावर त्या वह्यांची पानं फुकट दिसतात. इंग्रजी याद्यांपेक्षा त्या बऱ्या, गावाचं नावही असतं.

शिवाय जुनी आयरिश त्रिकं, म्हणजे तीन-तीन गोष्टी एकत्र सांगणारी वचनं बघा. जर्मन अभ्यासक कूनो मायर यांनी 1906 मध्ये भाषांतरासह छापलेल्या संग्रहात 256 कलमं आहेत. त्यातलं एक: जग तोलून धरणाऱ्या तीन बारीक गोष्टी, म्हणजे चरवीत पडणारी दुधाची धार, जमिनीतून वर आलेलं पिकाचं हिरवं पातं, कुशल बाईच्या हातावरचं सूत. त्याला जोड शोधत बसू नका, तसंच लिहा.