छप्पन्नाव्या वर्षी शीर सापडेना, हलकी ड्युटी घेऊ का?

दुपारपाळी

नमस्कार. मी खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मिरजेत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आणि १९९१पासून वॉर्डात आहे, बहुतेक काळ मेडिसिनला. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.

गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट होतेय. रात्रीची वेळ, म्हातारा पेशंट, हात सुजलेला, सलाईन आऊट झालेलं, म्हणजे शिरेबाहेर गेलेलं. पूर्वी बोट फिरवलं की शीर कळायची. आता टुर्निके (दंडाचा पट्टा) बांधते, निळा व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची सुई-नळी) उघडते आणि सुई टेकवायच्या आधीच मनात येतं, जमेल ना? ते मनात आलं की हात बिचकतो. शेजारची पोर माझ्या मुलीहून लहान आहे. ती अगदी मायेनं म्हणते, "मॅडम, राहू द्या, मी लावते." आणि तिला लावता येतंही. मी टेप कापून देते.

पाळी संपताना हॅण्डओव्हर देते तेव्हा औषधाचं नाव ओठांवर येऊन अडतं. रात्री घामानं उठते, मग झोप लागत नाही. मेट्रन मॅडमनी परवा सुचवलं, "सीएसएसडीला जा, हलकी ड्युटी आहे." म्हणजे उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागात. घरी मिस्टरही म्हणतात, घे की, किती राबणार. त्यांची काळजी कळते, पण मला पेशंटजवळ राहायचंय.

मी खरंच कमी पडतेय की मला तसं वाटायला लागलंय, हे ओळखायचं कसं? कृपा करून "ताई, तुम्ही ग्रेट आहात" असं लिहू नका. समोर पेशंटचा जीव असतो, म्हणून खरं काय ते सांगा.

चष्मेवाला, नाशिक

ताई, मी नेत्र तपासणीचं काम करतो, तेवढ्यापुरतंच लिहितो.

जवळचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरवर वाचता यावं म्हणून काढलेला असतो. तुम्ही कॉटजवळ उभ्या राहून वाकता तेव्हा पेशंटचा हात त्याहून लांब असतो. म्हणजे बायफोकलच्या वरच्या भागातून तो धूसर आणि खालच्या भागातूनही धूसर. पुन्हा मान मागे टाकून बघावं लागतं ते वेगळंच. चष्मा करताना हे कुणी विचारतच नाही, कारण "वाचता येतंय ना?" एवढ्यावर तपासणी संपते. घरून टेपनं अंतर मोजून न्या आणि त्या अंतराचा वेगळा नंबर काढून मागा.

दुसरं उजेडाचं. साठीच्या आसपास बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. रात्री वॉर्डातले दिवे मंद असतात. त्या मुलीला त्यात दिसतं, तुम्हाला दिसत नाही, यात हाताचा काही दोष नाही. मोतीबिंदूची सुरुवात आहे का तेही पाहून घ्या.

निवृत्त मेट्रन, सोलापूर

बाळा, तुझं वाचून लगेच लिहायला बसले. मी नोकरीतून बाहेर पडून बरीच वर्षं झाली, पण वॉर्ड अंगातून जात नाही.

तू खरं विचारलंस म्हणून आधी तेच सांगते. ओळखायची रीत आहे. एक छोटी डायरी खिशात ठेव. प्रत्येक आयव्हीची, म्हणजे शिरेत लावलेल्या सुईची नोंद कर: पेशंटचं वय, हात कसा होता, कितव्या वेळी लागली, दिवस की रात्र, उभी होतीस की बसलेली. महिनाभर कर. मनाला फक्त न लागलेल्या आठवतात, लागलेल्यांचा हिशोब कुणी ठेवत नाही. डायरीत जर दिवसा सगळ्या नीट आणि रात्रीच अडचण असं निघालं, तर वरच्या दादांचं म्हणणं खरं. दिवसा चांगल्या उजेडातही पुन्हा पुन्हा चुकत असतील तर तेही तुला कळायला हवं, आणि मग मी स्वतः तुला म्हणेन की ते काम दुसरीला दे. पण आधी कागदावर येऊ दे.

दोनदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर दुसऱ्या सिस्टरला बोलवायचं. माझ्या वॉर्डात हा नियम नव्या मुलीपासून इनचार्जपर्यंत सगळ्यांना होता. त्यामुळे बोलावण्यात कमीपणा नव्हता. तुमच्याकडे असा नियम नसेल तर तू मांड. आणि त्या पोरीनं "राहू द्या" म्हटलं तर तिला सांग, "मला दोनदा बघू दे, मग तू." रागावू नकोस, पण बोल.

आता हाताचं. स्टूल घेऊन बस. पेशंटचा हात कॉटखाली सोडायला लाव, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल जरा वेळ गुंडाळ. म्हाताऱ्या कातडीला अंगठ्यानं खालून ताण दे, सुईचा कोन अगदी कमी ठेव, आणि शीर फार नाजूक असेल तर निळ्याऐवजी त्याहून बारीक पिवळा घे. हे तुला येतंच. पण घाबरल्यावर माणूस पायऱ्या गाळतो आणि घाई करतो.

आणखी एक सांगायचंय. मी सत्तावन्न वर्षांची असताना रात्री राऊंडला एका आजोबांपाशी थांबले. नाडी ठीक, बीपी ठीक. नुसते चादरीचा काठ चाचपत होते आणि नातवाला हाका मारत होते. ड्युटीवरची मुलगी म्हणाली, म्हातारपणाचं चाललंय. मी शुगर बघायला लावली, ग्लुकोमीटरवर ४२ आली, फारच कमी. त्या मुलीनं अर्ध्या मिनिटात शीर शोधून ग्लुकोज दिलं, मला तेवढ्या चपळाईनं जमलं नसतं. आजोबांना आम्हा दोघींची गरज होती. म्हणून पेशंटजवळ राहायचं तुझं म्हणणं मला हट्ट वाटत नाही, वॉर्डाची ती गरज आहे.

सीएसएसडीबद्दल एवढंच, ती हलकी नाही. ऑपरेशनचे ट्रे उचलून कंबर जाते, ऑटोक्लेव्हपाशी उकाडा, त्यात तुला आधीच घाम फुटतोय. मनापासून आवडत असेल तर जा, तिथेही जाणती माणसं लागतात. भीतीपोटी जाऊ नकोस.

मानसशास्त्र शिकवते

मेट्रनताईंनी सांगितलेल्या आजोबांच्या प्रसंगावरून एक जुना अभ्यास आठवला. १९८४मध्ये टिमोथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांची चाचणी घेतली. वयाबरोबर बोटांची निव्वळ चपळाई घटली होती, पण टायपिंगचा वेग नाही. वयस्क टायपिस्ट मजकुरात पुढची जास्त अक्षरं आधीच वाचून ठेवत होते. मुरलेल्या कामात हे घडतं, आणि ते बाहेरून कुणाला दिसत नाही. करणाऱ्यालाही दिसत नाही.

मनात येणाऱ्या "जमेल ना?"बद्दलही लिहायलाच हवं. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांच्या १९९६च्या प्रयोगात वृद्धांना पडद्यावर म्हातारपणाचे वाईट शब्द दाखवले, इतक्या झरकन की ते वाचल्याचं त्यांना कळलंही नाही. तरी त्यानंतर त्यांची स्मरणशक्तीची चाचणी खालावली. चांगले शब्द दाखवलेल्यांची सुधारली. तुम्हाला तर "राहू द्या", "हलकी ड्युटी" हे उघड कानांवर पडतंय. त्याचा परिणाम होतोच, तुमचं मन कमकुवत आहे असं मुळीच नाही. लेव्ही यांनीच २००२मध्ये दाखवलं की वयाकडे चांगल्या नजरेनं पाहणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. मात्र त्याचा अर्थ नुसत्या चांगल्या विचारांनी आयुष्य वाढतं असा काढू नये. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही.

झोप नीट नसेल तर शब्द अडणारच. पाळी गेल्यानंतरचा घाम कित्येक बायकांना सात-सात वर्षं पुरतो, आणि त्यावर उपचार आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉईड आणि बी-१२ तपासा. मन फारच खचलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गडहिंग्लजची

मी बँकेत आहे, वय ५७. ग्राहकांची नावं अडायला लागली तेव्हा वाटलं, आईसारखा विसर पडणार. थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाल्यावर बराच फरक पडला. ताई, रक्त तपासायला उशीर करू नका.

दुपारपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मेट्रनताई, "बाळा" वाचून डोळे भरून आले, कामावर मला आता असं कुणी म्हणत नाही. डायरी आणली. मेट्रन मॅडमना सांगितलं की महिनाभरानं उत्तर देते, आणि दोनदाच्या नियमाचंही बोलले. त्या म्हणाल्या, मीटिंगला घेऊ.

अंतर मोजलं, उभी असताना ५८ सेंटिमीटर भरलं. दादा, नवा चष्मा होईपर्यंत कपाळावर बांधायचा टॉर्च वापरला तर चालेल का? शेजारच्या पेशंटची झोप मोडायची नाहीये.

चष्मेवाला, नाशिक

चालेल, चांगलंच आहे. उजेड कमी-जास्त करता येणारा घ्या आणि झोत समोरून न टाकता थोडा तिरका टाका, शिरेची सावली पडते आणि उंचवटा कळतो. आणि स्टूलवर बसून अंतर पुन्हा मोजा. बसल्यावर ते कमी होईल, चष्मा त्याच मापानं करून घ्या.