विषय : शाळेसमोरचा डावा बाण आणि रविवारची फेरी

प्रेषक : फेरी संयोजक

मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या मोटारसायकल आगमनफेरीचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे, तो पुन्हा लिहीत नाही. अडचण फक्त एका ठिकाणी आहे. शाळेच्या फाटकाकडे वळण्यासाठी सिग्नलचा जो डावा बाण आहे, तो सकाळी मोटारसायकलींसाठी हिरवा होतच नाही. मागे एखादी मोटार येऊन उभी राहिली, तर मात्र लगेच होतो. रंगीत तालमीच्या दिवशी काही जण लाल बाणावरच वळून गेले, काही जण उभे राहिले, आणि त्यावरून वाहनतळात जे बोलणे झाले ते येथे उगाळण्याची माझी इच्छा नाही. आपल्या इलिनॉय राज्यात अशा वेळी लाल दिव्यावर पुढे जाण्याची मुभा आहे असे ऐकतो. मला शनिवारपर्यंत सर्वांना एकच सूचना पाठवायची आहे, तेव्हा थांबायचे की जायचे ते कृपया स्पष्ट कळवावे. सिग्नलला मोटारसायकल ओळखता यावी म्हणून गाडीच्या तळाशी लावायच्या लोहचुंबकांची एकत्रित मागणी नोंदवावी असाही एक प्रस्ताव आहे.

प्रेषक : खजिनदार

चुंबकांसाठी मंडळाच्या खात्यातून पैसे मिळणार नाहीत. गेल्या वर्षीच्या झेंड्यांच्या काठ्यांचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

प्रेषक : सल्लागार समिती (कायदा)

मुभा आहे, परंतु ती सरसकट नाही. राज्यपाल पॅट क्विन यांची हरकत बाजूला सारून विधिमंडळाने 2011 साली ही तरतूद मंजूर केली आणि 2012 पासून ती लागू झाली. मोटारसायकल किंवा सायकल पूर्ण थांबलेली असावी, यंत्रणा बिघडल्यामुळे अथवा वाहनाच्या आकारमानामुळे ते तिच्या लक्षात न आल्यामुळे दिवा बदललेला नसावा, आणि निदान 120 सेकंद वाट पाहिलेली असावी, अशा तिच्या अटी आहेत. त्यानंतर 'स्टॉप'च्या पाटीपाशी जे नियम लागू होतात तेच पाळून, समोरून हिरव्या दिव्यावर येणाऱ्यांना आधी वाट देऊन जायचे आहे. वीस लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात ही सवलत नाही. कायद्यात शिकागोचे नाव घेतलेले नसले, तरी राज्यात तेवढे मोठे दुसरे शहर नाही. आपली शाळा उपनगरात असल्याने प्रश्न येत नाही. पण फेरीनंतर देवळाकडे जाताना जे शहराच्या हद्दीत शिरतील, त्यांनी ही सवलत हद्दीबाहेरच ठेवून जावे.

मिनेसोटाचा दाखला तालमीच्या दिवशी कोणीतरी दिला होता, तो येथे चालणार नाही. 2002 सालच्या तेथील कायद्याने चालकाला हक्क दिलेला नाही, तर केवळ बचाव दिला आहे; म्हणजे पोलिसाने चिठ्ठी फाडल्यावर आपण सर्व अटी पाळल्या होत्या, हे न्यायालयात जाऊन आपणच दाखवून द्यायचे असते.

प्रेषक : मिलवॉकी शाखा

आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये 45 सेकंद पुरतात. राज्यसीमेजवळच्या केनोशाच्या अलीकडे 45 आणि पलीकडे 120, हे लक्षात कोणी ठेवायचे? आम्ही दरवर्षी एवढ्या लांबून येतो, पण मार्ग ठरवताना आमच्या शाखेला कोणी विचारत नाही, हे या निमित्ताने नमूद करतो.

प्रेषक : ध्वनी व विद्युत व्यवस्था

चुंबकांचा विषय आधी संपवतो. सिग्नलला गाडी कळावी म्हणून डांबरात करवतीने खाच पाडून तांब्याच्या तारेचे काही वेढे पुरलेले असतात आणि त्यांतून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह खेळत असतो. वर धातू आला की त्या धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे छोटे विद्युतप्रवाह, निर्माण होतात, वेढ्याचे प्रेरकत्व (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) घटते, आणि चौकातल्या पेटीतील यंत्र ती घट ओळखते. वजनाचा यात काहीही संबंध नाही, आणि स्थिर चुंबकाने त्या यंत्राला विशेष काही कळत नाही. हेडलाइट लुकलुकवण्याचाही उपयोग नाही, कारण खांबावरचे ते संवेदक अग्निशमन दलाच्या गाडीच्या ठराविक वेगाने चमकणाऱ्या दिव्यासाठी बसवलेले असतात. साइड स्टँड टेकवण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात, त्यावर मी भरवसा ठेवणार नाही. उपयोग होतो तो जागेचा. आपण सवयीने गल्लीच्या, म्हणजे आपल्या लेनच्या, मधोमध थांबतो, आणि साध्या चौकोनी वेढ्यात नेमकी तीच जागा मोटारसायकलसाठी सर्वांत कमजोर असते. दोन्ही चाके तारेच्या रेघेवर, म्हणजे वेढ्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर, रेघेच्या दिशेने उभी करावीत. ज्या वेढ्याला मधूनही रेघ असते, तेथे मधल्या रेघेवर थांबावे.

आता अडचण अशी की उन्हाळ्यात त्या रस्त्यावर नवे डांबर पडले आणि रेघा दिसेनाशा झाल्या. डांबर खरवडताना तारच तुटली असावी, अशी शंका तालमीत व्यक्त झाली होती. मला ती पटत नाही. तार तुटली की ही यंत्रे बहुधा 'गाडी उभी आहे' असेच धरून चालतात, म्हणजे बाण प्रत्येक फेऱ्यात, कोणी नसतानाही, हिरवा झाला असता. मोटारीला तो मिळतो आणि आपल्याला मिळत नाही, याचा अर्थ वेढा जिवंत आहे, केवळ संवेदनशीलता कमी ठेवली आहे. ती पेटीतच वाढवता येते. फार वाढवली तर शेजारच्या गल्लीतल्या गाड्याही मोजल्या जातात, म्हणून तंत्रज्ञ हात आखडता घेतात, एवढेच. कॅलिफोर्नियात तर नव्या वेढ्यांना मोटारसायकल आणि सायकलही ओळखता आली पाहिजे, असा कायदाच आहे, आणि माझ्या मते योग्य वाट तीच आहे. लाल दिवा ओलांडण्याची मुभा हा तात्पुरता आडोसा आहे.

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक कट्टा

भोवरी प्रवाह समजले. परंतु पुण्यात रात्री उशिरा कित्येक सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत ठेवतात, ज्याने त्याने पाहून जावे, आणि कोणाला सेकंद मोजावे लागत नाहीत. येथे पहाटे चिटपाखरू नसताना यंत्राची मर्जी सांभाळत बसायचे, हे काही पटत नाही. अर्थात पुण्यात दिवसा काय चालते हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी लिहिणार नाही.

प्रेषक : महिला मोटारसायकल गट

काकांच्या पत्रात चिटपाखरू नाही असे म्हटले आहे, पण धोका नेमका येथेच आहे. डाव्या बाणाला मागणी पोचली नाही की यंत्रणा तो टप्पाच वगळते आणि सरळ जाणाऱ्यांना, म्हणजे समोरून येणाऱ्यांनाही, हिरवा देते. त्यामुळे आपण लाल बाणावर वळतो तेव्हा समोरच्याला हिरवा असतो, आणि कोणी आपल्यासमोरून आडवे वळेल अशी त्याची अपेक्षाच नसते. एकटीने, नीट पाहून, 120 सेकंदांनंतर जाणे मी समजू शकते. पण फेरीतला पहिला गेला की मागचे सगळे न थांबता त्याच्या मागे जातात, हे तालमीत आपण पाहिले. कायद्याने प्रत्येकाने स्वतंत्र थांबून पाहायचे आहे. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्यांची छायाचित्रे आपण दरवर्षी एकमेकांना पाठवतो, परंतु तेथे चौकाचौकांत पोलीस रहदारी अडवून धरतात. आपण मिरवणुकीचा परवाना काढलेला नाही, आणि तो का काढला नाही हे खजिनदार सांगू शकतील.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. एकट्या मोटारसायकलीने मिटमिटत्या मागच्या दिव्यावर तेथे उभे राहणे हेही सुरक्षित नाही, मागून येणाऱ्या मोटारीला ती उशिरा दिसते. म्हणून गाडी गियरमध्ये ठेवून आरशात पाहत थांबावे.

प्रेषक : खजिनदार

परवान्याचा अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत आला होता आणि बहुमताने तो पुढील वर्षावर ढकलला गेला. इतिवृत्त पाहावे.

प्रेषक : फेरी संयोजक

सर्वांचे आभार. सूचना पुढीलप्रमाणे जाईल. शाळेसमोर पोचल्यावर पहिल्या दोघांनी गल्लीच्या दोन कडांवर थांबावे, म्हणजे रेघ दिसत नसली तरी दोघांपैकी एक तारेजवळ येईल. इतरांनी मागे गर्दी करून उभे राहावे, स्टॉपच्या रेघेपुढे कोणीही जाऊ नये. तरीही बाण आला नाही, तर फेरी म्हणून लाल बाणावर वळायचे नाही. पुढच्या हिरव्यावर सरळ जाऊन पेट्रोल पंपाच्या रस्त्याने शाळेच्या मागच्या फाटकाने आत यावे. ज्यांना एकटे यायचे आहे त्यांनी कायदा समितीच्या अटी वाचून स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे. चुंबकांची मागणी रद्द समजावी. मिलवॉकी शाखेचा आक्षेप नोंदवला आहे.

प्रेषक : मिलवॉकी शाखा

नोंदवला म्हणजे काय? मागच्या फाटकाला कुलूप असते, हे तरी कोणी पाहिले आहे का?

प्रेषक : ध्वनी व विद्युत व्यवस्था

फाटकाची किल्ली ध्वनिक्षेपकांच्या पेटीसोबत माझ्याकडे असते, मी लवकर पोचेन. सिग्नलच्या तक्रारीबद्दल एवढेच, की ती करण्यापूर्वी रस्ता गावाचा, कौंटीचा (जिल्ह्याचा) की राज्याचा हे पाहावे, नाहीतर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. कोपऱ्यावरच्या धातूच्या पेटीवर बहुधा क्रमांक असतो. तो, वेळ, आणि 'मोटारीला बाण मिळतो, मोटारसायकलला मिळत नाही' हे वाक्य तक्रारीत अवश्य लिहावे, कारण तेवढ्यावरून तंत्रज्ञाला काय वाढवायचे ते कळते. शनिवारी तिकडून कोण जाणार आहे ते कळवा.