दुहेरी चिन्हांकित पाण्याने ऊर्जाव्यय कसा मोजतात?

प्रश्न : माणसाला बंद कक्षात न ठेवता, केवळ विशिष्ट पाणी पाजून आणि लघवीचे नमुने तपासून त्याने किती कॅलरी खर्च केल्या हे सांगता येते, असे वाचले. पाण्यावरून हे कसे कळते, ते कृपया जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर १ : त्या पाण्यात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि ऑक्सिजन-१८ (जड ऑक्सिजन) हे दोन स्थिर, म्हणजे किरणोत्सर्ग न करणारे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याची वेगळ्या वजनाची रूपे) असतात. ड्युटेरियम पाण्याच्या रूपानेच शरीराबाहेर पडते. ऑक्सिजन-१८ मात्र पाण्याबरोबरच उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो, कारण रक्तातील एक विकर (एन्झाइम) या दोहोंमधील ऑक्सिजनची सतत अदलाबदल घडवून आणते. म्हणून दोन्ही समस्थानिक घटण्याच्या वेगांतील फरकावरून तयार झालेल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण निघते आणि त्यावरून ऊर्जाव्यय. नॅथन लिफ्सन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथे हे तत्त्व प्रथम लहान प्राण्यांवर पडताळले; ऑक्सिजन-१८ अतिशय महाग असल्याने माणसांवरील वापर १९८० च्या दशकातच सुरू झाला.

उत्तर २ : वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडतो. पाणी पाजण्यापूर्वीचा नमुना अत्यावश्यक असतो, कारण हे समस्थानिक आपल्या पिण्याच्या पाण्यात मुळातच अल्प प्रमाणात असतात. नमुन्याच्या बाटलीचे झाकण किंचितही सैल राहिले तर हलके रेणू आधी उडून जातात, जड रेणू मागे उरतात आणि सारे गणित बिघडते. माझ्या मते या कामात यंत्राइतकेच महत्त्व त्या झाकणाला आहे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. यातून एकेका दिवसाचा खर्चही कळतो का?

उत्तर २ : नाही, सहसा एक ते दोन आठवड्यांची सरासरीच मिळते.