सोनभद्रचं सोनं: अजून ड्रिलिंग करावं की नाद सोडावा?

खडकप्रेमी:
फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी झळकली. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सहाशे-साडेसहाशे टन होतं, म्हणजे देशाचं नशीबच उघडलं! दोन-चार दिवसांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा (जीएसआय) खुलासा आला: तिथल्या सोन पहाडी या डोंगरात ५२,८०६ टन खनिज, टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. करा गुणाकार. १६० किलो! हजारो टन होता तो दगड. माझ्या मते फाइल मिटवा.

तिरपागडा:
एवढी कसली घाई? जीएसआयचं ते तपासणीचं काम १९९८ ते २००० मधलं. आकडा तपासलेल्या पट्ट्याचा आहे, अख्ख्या डोंगराचा नाही. ड्रिलिंगची भोकं एकमेकांजवळ पाडून शीर (खडकातला सोन्याचा पट्टा) खाली आणि बाजूला कुठवर जाते ते पाहिलं, तर साठा वाढूही शकतो.

खडकप्रेमी:
आणि घटूही शकतो, ते सोयीनं गाळलंत. सोनं खडकात सारखं पसरलेलं नसतं. एका कोअरमध्ये (भोकातून काढलेल्या दगडी कांडीत) सोन्याचा दाणा लागला की सरासरी फुगते, थोडं सरकून भोक पाडलं की हाती भोपळा. म्हणून तर कोअर मधोमध चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत, अर्धी पेटीत, कुणालाही पुन्हा ताडून पाहता यावी म्हणून. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्स कंपनीनं जवळपास सगळी कोअर दळून टाकली होती. १९९७ मध्ये उघड झालं, नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं!

तिरपागडा:
अहो, जीएसआय म्हणजे ब्रे-एक्स नव्हे. फुगवलेला आकडा त्यांनीच तर खाली आणला.

रानवाट:
तुमचं ग्रॅमचं भांडण चालू द्या. १६० किलो हे खडकातलं सोनं. दळून, सायनाइडनं धुऊन हाती येणार त्याहून कमीच. तेवढ्यासाठी आदिवासींच्या जंगलात रस्ते आणि धुतल्यावर उरलेल्या गाळाचे तलाव?

तिरपागडा:
मी खाण काढा म्हणतच नाहीये. खाणीच्या लिलावाआधी सरकारनं भोकं पाडावीत, एवढंच. अर्धवट माहितीवर लिलाव केला तर बोली लावणारा जोखमीच्या नावाखाली भाव पाडणार.

खडकप्रेमी:
मग जोखीम त्यालाच घेऊ द्या की! खोलवर सोनं शिल्लक असूनही कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद करावी लागली, कारण काढणं परवडेना. इथं तर सुरुवातच १६० किलोपासून. ड्रिलिंगचं बिल सरकारच्या माथी कशाला?

रानवाट:
भोकं पाडायलाही रिग (ड्रिलिंगचं यंत्र) न्यावी लागते, तिरपागडा. रिगला रस्ता लागतो. तो कुणाच्या रानातून काढणार, ते आधी सांगा.