‘प्रतिकार’, ‘बंड’ की ‘दाद न देणे’?

प्रश्न : नागपुरात धंतोलीतल्या आमच्या वाचनगटात सध्या सुरुवातीच्या स्त्रीवादी कथा वाचून राहिलो आहोत. त्यावर मराठीत टिपण लिहायचं आहे. सुझन ग्लास्पेल यांच्या ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७) या कथेतल्या बायका जे करतात, त्याला काय म्हणावं? प्रतिकार, बंड, विद्रोह, तिन्ही लिहून पाहिले. एकही बसत नाही.

उत्तर : ताई, या तिन्ही शब्दांना समोरासमोरची गाठ लागते. प्रतिकाराला आधी वार लागतो. बंड उघड असतं. ‘विद्रोह’ म्हटलं की आपल्याकडे दलित साहित्याची सगळी परंपरा मागे उभी राहते. या कथेत तर कोणी आवाजसुद्धा चढवत नाही.

मिनी राइटवर नवऱ्याच्या खुनाचा आळ आहे. पुरुष पुराव्यासाठी माडीवर आणि गोठ्यात हिंडतात, स्वयंपाकघरात काय असणार म्हणून ते सोडून देतात. तिथे थांबलेल्या मार्था हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स यांना मिनीच्या गोधडीचे टाके दिसतात. सगळे नेटके, फक्त एका तुकड्यावर वेडेवाकडे. मार्था ते उसवते आणि सरळ घालायला लागते. पुढे शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळलेली, मान पिरगळलेली कॅनरी, मिनीचा पाळलेला गाणारा पक्षी, सापडते. मान नवऱ्याने पिरगळली, हे दोघींच्या लक्षात येतं. खुनाचं कारण पुरुष शोधत असतात, ते हेच. शेवटी तो डबा मार्थाच्या कोटाच्या खिशात जातो.

याला आपल्या रोजच्या बोलण्यात ‘दाद न देणे’ म्हणतात. ‘पोट्टी कोणालाच दाद देऊन नाही राहिली’ हे नागपूरच्या महाल भागातल्या कोणत्याही वाड्यात ऐकू येईल.

‘दाद’ मूळ फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो, दादफिर्याद करतो. ग्लास्पेल यांच्या कथेला हा शब्द लागू पडतो तो यामुळेच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९०० साली झालेल्या एका खुनाच्या खटल्याच्या बातम्या त्यांनी वार्ताहर म्हणून दिल्या होत्या, कथा त्यातूनच आली. त्या खटल्याच्या वेळी तिथे बायकांना ज्युरीवर बसता येत नव्हतं. मिनीने दाद मागायची कोणाकडे? तिचा निवाडा मग स्वयंपाकघरात होतो, आणि दोघी कायद्याला दाद देत नाहीत.

दुसऱ्या वाचक : शार्लट पर्किन्स गिल्मन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’लाही (१८९२) चालेल का? त्यातला नवरा डॉक्टर आहे. बायकोला सक्तीची विश्रांती देतो, लिहायला मनाई करतो, ती लपून लिहिते.

उत्तर : तिथे तर आणखी चपखल! ‘दुखणं औषधाला दाद देईना’ असं आपण म्हणतोच. इथे औषध हेच दुखणं आहे आणि ती त्याला दाद देत नाही. मात्र तिचं मन त्यात ढासळतं, तेव्हा टिपणात तिला विजयी ठरवू नका.

आणखी एक वाचक : मला हा शब्द मवाळ वाटतो. आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिलं. त्याला ‘दाद न देणे’ म्हणणार?

उत्तर : नाही म्हणणार. तो निबंध आहे आणि त्यात ताराबाई पुरुषांची थेट झाडाझडती घेतात. तिथे ‘बंड’च हवं, त्याहून कमी लिहिलं तर त्यांच्यावर अन्याय होईल. कथेत मात्र पात्रांना त्याच घरात राहायचं असतं. विभावरी शिरूरकर या नावाने आलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) हा कथासंग्रह वाचा. शिकलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट त्यात इतकी उघड आली की गदारोळ उठला. या विभावरी शिरूरकर कोण याचा शोध सुरू झाला, आणि मालतीबाई बेडेकर त्या टोपणनावाआडून लिहीत राहिल्या. दाद न देणं म्हणजे मवाळपणा नव्हे. ते जमायला फार मोठी छाती लागते, आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही म्हणून त्याची नोंदही होत नाही.

वापरापुरतं एवढं, की ज्याला दाद द्यायची नाही त्याला ‘ला’ लावा : नवऱ्याला, कायद्याला, धाकाला. मथळ्यात ‘प्रतिकार’ राहू द्या, वाचक त्याच शब्दाने शोधतात. पण मार्था टाके उसवते त्या परिच्छेदात तो नको.